सांगलीच्या गावभागातली आपली नागरिक समिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समितीची वही गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. मला विचारले जाणारे प्रश्न तेच असतात, विचारणारे तेवढे बदलतात. मंडईत वांगी निवडताना विचारतात, सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना विचारतात, एकदा तर अमरधाममध्ये मयताला उभा होतो तिथं शेजारच्या तात्यांनी हळूच विचारलं, "ते कुत्र्यांचं काय झालं ओ?" म्हणून एकदाच लिहून टाकतो. ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्यानं निदान पुराबद्दलचं वाचावं. बाकीचं मागाहून वाचलं तरी चालेल.

ही समिती महापालिकेची आहे का?

नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली ती ९ फेब्रुवारी १९९८ ला. तिच्या प्रभाग समित्या कायद्यानं नेमलेल्या असतात. २००९ च्या दुरुस्तीनं कायद्यात क्षेत्रसभाही आली. तिच्यात त्या भागातले सगळे मतदार येतात आणि अध्यक्ष नगरसेवक असतो. आपली समिती यातली कुठलीच नव्हे. आपण एका गल्लीतले आणि तिच्या दोन बोळांतले शेजारी आहोत, तेवढंच आपलं नातं.

आपल्याकडं एक गोल जांभळा शिक्का आहे, हे खरं. कुणी तरी हौसेनं करून आणलाय. त्याला सरकारदरबारी काडीची किंमत नाही. रहिवासी दाखल्यासाठी किंवा रेशनकार्डासाठी समितीचं पत्र मागायला येऊ नका. मला नाही म्हणायला वाईट वाटतं आणि तुमचा हेलपाटा होतो.

नगरसेवक असताना समिती कशाला?

नगरसेवकाला अख्खा प्रभाग बघायचा असतो. कोपऱ्यावरच्या घरातल्या आज्जींना रात्री ऐकू येत नाही, त्यामुळं दार वाजवून उपयोग नाही, खिडकीच्या गजाला हात लावून हलवायला लागतं, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. ते शेजाऱ्याला माहीत असतं. ऑगस्ट २०२३ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडं गेला. तेव्हा नळाच्या तक्रारीसुद्धा समितीकडं यायला लागल्या. नळ आम्हाला दुरुस्त करता येत नाही. पण अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हे सांगता येतं.

सभासद कोण होऊ शकतं? आम्ही भाड्यानं राहतो.

मग तर तुम्ही आधी या. भाडेकरूही सभासद, हा नियम समितीत सहज झालेला नाही, त्यावरून बरीच डोकेफोड झाली. "आज आहेत, उद्या जातील, त्यांना कशाला मत?" असं म्हणणारे जुने लोक होते. त्यातले काही माझे जवळचे आहेत. पण आपल्या गल्लीत तळमजल्यावर राहतंय कोण? मालक वर किंवा विश्रामबागेत, खाली भाडेकरू. पाणी पहिल्यांदा त्यांच्याच चुलीत शिरतं. कॉलेजची पोरं खोली घेऊन राहतात, मार्केट यार्डात हमाली करणारी कुटुंबं राहतात, एक दोघं बाहेरच्या राज्यातून आलेले कारागीर आहेत. त्यांना कृष्णा नदीचा अंदाज नाही आणि तिच्यावरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट म्हणजे काय, हेही ठाऊक नाही. म्हणून जो गल्लीत झोपतो तो सभासद, एवढीच अट ठेवली. मत एका घराला एक.

वर्गणी किती? पैसे जातात कुठं?

वर्गणी ऐपतीप्रमाणं, सक्ती नाही. नाही दिली तर तुमचं नाव फळ्यावर लागणार नाही. पूर्वी एका वर्षी थकबाकीदारांची यादी लावली होती, त्यात नेमकी खजिनदारांच्याच सासूबाईंची नोंद निघाली आणि प्रथा बंद पडली. खर्च किरकोळ असतो: बॅटऱ्या, दोर, खडू, झेरॉक्स, कार्यक्रमाचा चहा. जमाखर्च दर बैठकीत वाचून दाखवतात. त्यावेळी सगळे उठून चहाला जातात, हा भाग वेगळा.

समितीची नोंदणी का केली नाही?

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं मिळाली की संस्था नोंदवता येते, आणि आपल्याकडं मग १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद करावी लागते. सात माणसं आपल्याकडं आहेत. पण त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून द्यायचे, कार्यकारिणी बदलली की फेरफार अर्ज करायचा, हे सगळं आलं. चहा आणि खडूचा हिशेब तपासायला सनदी लेखापाल बसवायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मोठी देणगी घ्यायची वेळ आली तर नोंदणी करू. तूर्त तशी कुणाची इच्छा दिसत नाही.

बैठक कधी असते?

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी साडेसात, मारुतीच्या देवळाच्या मंडपात. साडेसात म्हणजे आठ हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. आषाढ आणि श्रावणात नदी चढायला लागली की दर रविवारी.

गणेशोत्सवात पाचव्या दिवशी रविवार आला तर बैठक नाही. संस्थानच्या गणपतीचं विसर्जन त्या दिवशी असतं, सगळी सांगली रस्त्यावर असते. त्या दिवशी बैठक लावून आम्ही एकदा बघितली. मी होतो, अध्यक्ष होते आणि मंडपातली मांजर होती.

फळ्यावर काय लिहायचं हे कोण ठरवतं?

कट्ट्यावरचा काळा फळा हे आपलं वर्तमानपत्र. त्याच्यावर तीनच प्रकारच्या गोष्टी येतात. पाणी, वीज, रस्ता कधी बंद राहणार, गल्लीतला कार्यक्रम, आणि निधनवार्ता. वाढदिवस नाही, अभिनंदन नाही, "भावी" कुणीही नाही. वाढदिवसाचा नियम कडक वाटतो, पण एकदा सोडला की दादा, भैय्या, अण्णा सगळ्यांचे वाढदिवस येतात आणि उद्या पाणी येणार नाही ही ओळ लिहायला जागा उरत नाही.

लिहिणाऱ्यानं खाली सही आणि वेळ टाकायची. बिनसहीची ओळ कुणीही पुसू शकतो. मजकूर फिरवून सांगायचा नाही. "पाणी उद्या येणार नाही असं ऐकलं" असं चालणार नाही. कुणाकडून कळलं ते लिहा, नाही तर लिहूच नका.

मग व्हॉट्सॲपचा ग्रुप कशासाठी?

फळ्याचा फोटो टाकायला. फुलं, सूर्योदय, सुविचार आणि राजकीय भाषणं यांच्यासाठी गल्लीत दुसरे किमान चार ग्रुप आहेत, तिथं टाका. आपल्या ग्रुपवर पूरकाळात फक्त तिघंच लिहू शकतात, बाकीचे वाचतात. २०१९ मध्ये "धरण फुटलं" हा मेसेज किती घरांत किती वेळा आला ते आठवा. कुठलंही धरण फुटलं नव्हतं. पण एका घरातली माणसं तो वाचून भर पावसात लहान लेकराला घेऊन निघाली आणि सुकी वाट सोडून नेमकी पाण्याच्या वाटेनं गेली. कुणाला काही झालं नाही, हे नशीब.

घरयादी म्हणजे काय? आमच्या घरातल्या माणसांची माहिती तुम्हाला कशाला पाहिजे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि रागानं विचारला जातो. राग बरोबर आहे. आजकाल कुणीही येऊन माहिती मागतो.

घरयादीत पाच गोष्टी असतात. रात्री त्या घरात किती माणसं झोपतात. त्यात अंथरुणाला खिळलेलं, गरोदर, तान्हं, किंवा डायलिसिस, इन्शुलिन, ऑक्सिजनवर असलेलं कुणी आहे का. जनावर आहे का. घराची जादा किल्ली कुणाकडं असते. आणि पाणी आलं तर तुम्ही कुठं जाणार, त्या नातेवाइकाचा नंबर. आधार नंबर नाही, पगार नाही, जात नाही, कुणाला मत देता ते तर नाहीच.

यादी वहीत हातानं लिहिलेली असते. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत, दोन्ही वरच्या मजल्यावर. मोबाइलवर तिचा फोटो काढायचा नाही. निवडणुकीच्या आधी एक ओळखीचे गृहस्थ "नुसती बघायला" मागायला आले होते. त्यांना चहा दिला, यादी दिली नाही.

आता कारण सांगतो. २०१९ च्या पुरात बोट बोळाच्या तोंडापर्यंत आली. बोटीतल्या जवानांनी एकच प्रश्न विचारला, "आत कोण राहिलंय?" आणि आम्ही पंधरा जण पंधरा उत्तरं देत होतो. कुणी म्हणालं मागच्या वाड्यातले सगळे गेले, कुणी म्हणालं नाही, काका आहेत. बोट आत गेली, काका नव्हते, ते आदल्या दिवशीच लेकीकडं गेले होते. आणि ज्या घरात कुणी नाही असं सगळे छातीठोक सांगत होते, त्या घराच्या माडीवर नवराबायको दोन रात्री बसून होते. पाव आणि कोरडा चिवडा खाऊन. त्यांनी हाका मारल्या होत्या, पण पाण्याच्या आवाजात ऐकू आल्या नाहीत. दुसऱ्या फेरीत त्यांना काढलं. त्यानंतरच्या पहिल्या बैठकीत वही आणली.

समितीची बाकीची कामं, कार्यक्रम, अर्ज, हळदीकुंकू, ही सगळी मला विचाराल तर या वहीसाठी आहेत. वर्षातून आठ दहा वेळा माणसं एकमेकांना भेटली नाहीत तर कोण कुठं झोपतं हे कळत नाही, आणि वही शिळी होते.

आयर्विनला किती फूट झालं की आपल्याकडं पाणी येतं?

आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्याजवळची पाणीपातळी म्हणजे आपलं पावसाळ्यातलं पंचांग. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये साडेसत्तावन्नच्या घरात, आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा ५४ च्या वर. २००५ नंतर जुने लोक म्हणायचे, "एवढं पाणी आता परत बघायला मिळणार नाही." देवळाच्या भिंतीवर त्यांनी रंगानं रेघ मारून ठेवली. २०१९ ला ती रेघ पाण्याखाली गेली. आता तिच्या वर दुसरी रेघ आहे. तिसरीसाठी जागा सोडा, असं कुणी तरी बैठकीत म्हणालं, त्यावर कुणी हसलं नाही.

आपल्या गल्लीसाठी एकच आकडा सांगता येत नाही, कारण गल्लीचं खालचं टोक आणि देवळाचं टोक यांच्यात चांगलाच उतार आहे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर या बाजूला पाणी आपल्या आधी शिरतं. तिथली माणसं सामान हलवायला लागली की आपण गॅस सिलिंडर उचलायला घ्यायचा, हा घरगुती हिशेब आहे.

आणखी एक. पाणी नदीच्या बाजूनं लाटेसारखं चालून येईल आणि आपण ते बघू, अशी कल्पना असेल तर काढून टाका. ते आधी गटारातून आणि नाल्यातून उलटं येतं. न्हाणीघराच्या मोरीत गुडगुड आवाज यायला लागला, संडासाच्या भांड्यातलं पाणी वर यायला लागलं, की नदी तुमच्या घरात पोचली. वाळूनं भरलेली पिशवी भांड्यात आणि मोरीच्या तोंडावर ठेवली तर घाण पाणी काही तास थोपतं. घर वाचत नाही, पण सामान माडीवर न्यायला तेवढे तास मिळतात.

"कोयनेतून इतका विसर्ग सोडला" असा मेसेज आला की घाबरायचं का?

नुसता तो आकडा वाचून नको. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. साधारण साडेअकरा हजार क्युसेक अख्खा दिवस वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. कोयनेत १०५.२५ टीएमसी मावतं, म्हणजे मोठा आकडा दिसला तरी धरण रिकामं होत नाही आणि सगळं पाणी आपल्या दारात येत नाही.

पण उलटंही खरं आहे. कोयनेतून थेंब सुटला नाही तरी पूर येऊ शकतो. कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. त्याच्या वर साताऱ्याकडचं धोम, कण्हेर, उरमोडी, आणि धरणांच्या खाली जो पाऊस पडतो तो तर कुणाच्या दाराआड नाहीच. त्यात वारणा. ती हरिपूरला संगमेश्वराजवळ कृष्णेला मिळते, म्हणजे आपल्या खालच्या अंगाला. तिला पूर असला की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, इथंच फुगतं. म्हणून वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्गही बघायचा. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याबद्दल आपल्या कट्ट्यावर दोन पक्ष आहेत आणि दोघंही पाटबंधारे खात्यात मुख्य अभियंता असल्यासारखे बोलतात. त्या वादात ही वही पडत नाही.

तेव्हा बघायचं ते असं: पाणी किती आहे यापेक्षा तासाला किती चढतंय. पातळी फळ्यावर लिहिली जाते, आधीच्या आकड्याशेजारी. दोन आकड्यांतला फरक वाढत चालला की बांधाबांध सुरू. पडत्या पावसात कुणी तरी "आता उतरतंय" म्हणणारा असतोच, त्याला चहा पाजा आणि सामान उचला.

घर कधी सोडायचं? बरोबर काय घ्यायचं?

प्रशासनाचा आदेश आला की. त्याच्या आधी निघालात तर जास्त चांगलं, त्याच्या नंतर नाही. अंधारात निघायची वेळ आणू नका.

एक पिशवी आधीच भरून ठेवा. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, आठवड्याची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, बॅटरी, थोडे रोख पैसे, चष्मा. चष्म्याचं मुद्दाम लिहितोय, २०१९ ला निवाऱ्यात निम्मे म्हातारे एकमेकांचा चष्मा लावून पेपर वाचत होते. निघताना मेन स्विच बंद, सिलिंडर बंद. म्हैस, शेळी, कुत्रं यांना बांधून ठेवून जायचं नाही. नेता आलं नाही तर दावं सोडा.

परत आल्यावर गाळ उपसायच्या आधी फोटो काढा आणि पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत सामान फेकून देऊ नका. आधी घर चकाचक करायची आपल्या बायकांना घाई असते, मग पंचनाम्यात लिहायला काही उरत नाही. भिंती ओल्या असताना वीज सुरू करू नका, वायरमनला दाखवा. महावितरणची तक्रार १९१२ वर. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, आणि कुठल्याही तातडीला ११२. पायाला जखम असेल तर गाळात अनवाणी उतरायचं नाही, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगायचं. लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशय त्यांना त्यावरूनच येतो.

गणेशोत्सवाची वर्गणी समितीला द्यायची की मंडळाला?

मंडळाला. समिती आणि मंडळ वेगळं आहे. माणसं बरीचशी तीच आहेत, हे मान्य. नोंदणी नसलेल्या मंडळानं वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची, विश्वस्त कायद्याच्या ४१ क कलमाखालची परवानगी लागते. मंडपाला महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी लागते, विजेला महावितरणची तात्पुरती जोडणी लागते. आकडा टाकून घेतलेल्या विजेवरच्या माळा समिती आपल्या फळ्यावर "आकर्षक रोषणाई" म्हणून लिहिणार नाही. पावतीपुस्तक दाखवा म्हणून विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि पोरांनी त्याचा राग मानायचं कारण नाही.

आवाजाचं काय?

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. केंद्राच्या २००० च्या नियमांत ते स्पष्ट आहे. वर्षातले काही मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सवलत मिळते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि ते फळ्यावर लागतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. ती किती म्हणजे? आमच्या गल्लीत दोन जावा धुणं धुताना बोलतात तेव्हाच ती बहुधा ओलांडली जाते. तरीही डॉल्बीनं खिडकीची तावदानं थरथरणं वेगळं, एवढं सगळ्यांना कळतं. आधी मंडळाच्या अध्यक्षाला फोन करा. तो उचलणार नाही, कारण त्याला ऐकूच येणार नाही. मग ११२.

रंगभूमी दिनाचा कार्यक्रम ५ नोव्हेंबरला का नसतो?

कारण त्या संध्याकाळी भावे नाट्यमंदिरात विष्णुदास भावे पदकाचा सोहळा असतो आणि आपल्यातले निम्मे तिकडं असतात. १८४३ च्या ५ नोव्हेंबरला भाव्यांनी इथं सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, 'सीतास्वयंवर' उभं केलं. मराठी रंगभूमी दिन त्यामुळंच त्या तारखेला असतो. आपल्या पोरांच्या नाट्यछटा त्याच्या आधीच्या रविवारी, देवळाच्या मंडपात.

नाव द्यायला वयाची अट नाही. नियम दोन: आवाज स्वतःचा पाहिजे, मोबाइलवर लावून ओठ हलवायचे नाहीत, आणि आईनं विंगेतून वाक्यं सांगायची नाहीत. दुसरा नियम आजवर एकदाही पाळला गेलेला नाही. बक्षीस सगळ्यांना सारखं, एक वही आणि भडंगाची पुडी. स्पर्धा ठेवायची का, यावर मत घेतलं होतं. स्पर्धा नको म्हणणारे जिंकले, आणि ते जिंकले याचा मला अजून आनंद आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोण कोण येऊ शकतं?

गल्लीतल्या सगळ्या बायका. सगळ्या म्हणजे नवरा गेलेल्यासुद्धा. सांगली हळदीचं गाव. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच गावात कुणाच्या कपाळाला हळद लावायची नाही, हे विचित्र आहे. २०२२ च्या मेमध्ये शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. पुढच्या संक्रांतीला आपल्याकडं हा विषय निघाला. विरोध पुरुषांनी केला नाही, ते गप्प होते. विरोध सत्तरी ओलांडलेल्या दोन आज्यांनी केला, आणि त्या दोघीही स्वतः विधवा होत्या. "आम्हाला सवय नाही, उगा लाज वाटते," एवढंच त्या म्हणाल्या. पहिल्या वर्षी एक आली आणि कोपऱ्यात बसली. दुसरी अजून येत नाही. तिच्या घरी वाण नेऊन देतात, ती घेते.

रस्ता, गटार, दिवा यांची तक्रार कशी करायची?

तोंडी करायची नाही. अर्ज दोन प्रतींत लिहायचा, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सोडलेला पतंग. मी स्वतः एका कार्यालयात एकाच गटाराबद्दल तीन अर्ज दिले होते. तिन्ही वेळा "असा अर्ज आलेलाच नाही" हे ऐकलं, कारण पहिल्या दोन्हींची पोच मी घेतलीच नव्हती, भिडेखातर. तिसऱ्याची घेतली, तर गटार झालं.

उत्तर आलं नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावायचं, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. "गटार कधी करणार?" असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. "अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदीची प्रत द्या" असं मागा. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. नमुना अर्ज माझ्याकडं आहेत, झेरॉक्सचे पैसे तुमचे.

कचऱ्याची गाडी निघून गेली तर?

परत घरात नेऊन ठेवा. देवळामागं नाही. ओला, सुका वेगळा. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे.

भटकी कुत्री उचलून लांब सोडून का येत नाही?

गल्लीतलं कुत्रं असं हलवता येत नाही म्हणून. २०२३ च्या नियमांप्रमाणं निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झाली की ते जिथून नेलं तिथंच सोडायचं असतं. शिवाय आपण आपली कर्नाळ रोडला सोडायची आणि तिकडच्यांनी त्यांची आपल्याकडं, हे किती दिवस चालणार? कानाला खाच असलेलं कुत्रं शस्त्रक्रिया झालेलं असतं. खाच नसलेली कळवा, यादी करून देतो. चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

दारातलं झाड तोडायचंय.

वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्या, १९७५ चा कायदा आहे. तुमच्या दारातलं असलं तरी.

शेजाऱ्याशी भांडण आहे, समिती मिटवते का?

पार्किंग, पन्हळीचं पाणी, टेरेसवरचं वाळवण, एवढं बसून बोलता येतं. हद्दीचा वाद, वाटणी, भाडं हे आमच्याकडं आणू नका. समितीत दोन्ही बाजूंचे नातेवाईक असतात, आणि न्याय करायला बसलो की समितीच फुटते. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. घरात मारहाण होत असेल तर तो "घरचा मामला" नाही. रात्री कितीही वाजता दार वाजवा, कुणाचंही.

निवडणुकीला समिती कुणाच्या बाजूनं असते?

कुणाच्या नाही. कट्ट्यावर फलक नाही, मंडपात सभा नाही. उमेदवाराला बैठकीला यायचं असेल तर मागं बसून ऐकावं, जमाखर्च वाचला जाईपर्यंत. आजवर कुणी टिकलेलं नाही.

मी पुण्यात असतो. गावभागातल्या घरात आईबाबा दोघंच आहेत. इथून काय करता येईल?

असे फोन आता महिन्याला दोन तीन येतात. पुढं वाढतील, कारण गल्लीतल्या वाड्यांत दोघं दोघं किंवा एकेकटीच राहिली आहेत.

पैसे पाठवू नका. घरयादीत त्यांचं पान भरून घ्या. ते स्वतः भरणार नाहीत, "आम्हाला काय धाड भरलीय" म्हणतील, म्हणून तुम्ही सुट्टीला याल तेव्हा बरोबर बसून भरा. औषधांची नावं डब्यावरून उतरवून घ्या, त्यांच्या तोंडून नको. वडील म्हणतात एकच गोळी चालू आहे, डब्यात सहा असतात. शेजारच्या घरातल्या कुणाचा तरी नंबर घ्या आणि त्याला नुसता पूर आल्यावर नको, अधूनमधूनही फोन करत जा. तसा फोन नसला की ऐन वेळी तोही ओळख देत नाही.

आणि जादा किल्ली. ती बहुतेक वेळा पुण्यातच तुमच्या ड्रॉवरमध्ये असते. ती घेऊन या. पावसाळ्याआधीची बैठक मेच्या दुसऱ्या रविवारी आहे, साडेसातला. आठला आलात तरी चालेल.